वरपर्यंत सरकवलेली पट्टी

माझ्या बायकोनं मला फसवलं, आणि माझ्या मुलीनं तिला साथ दिली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी मला चिडका म्हणून बाजूला सारू नये. चिडका मी आहेच. पण या खेपेला माझ्याकडे कारण आहे.

नेरला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं बारदान्याचं दुकान आहे, मागच्या अंगाला घर. बारदाना म्हणजे रिकामी पोती. दाल मिलवाल्यांकडून, अडत्यांकडून वापरलेली पोती घ्यायची, झटकायची, फाटकी वेगळी काढून शिवून घ्यायची आणि सोयाबीन-तूर निघाली की परत विकायची. धूळ खाण्याचा धंदा आहे. बापानं दिलेला नाही, सासऱ्यानं दिलेला नाही, मी उभा केलेला आहे.

सुरुवात मात्र बैलबाजारात झाली. एका दलालाच्या मागं पाण्याची पिशवी घेऊन फिरायचो. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दोघं एकमेकांचा हात धरायचे, वरून दुपट्टा टाकायचे, आणि आत बोटांनी भाव व्हायचा. कोणतं बोट, किती दाबलं, कितीदा सोडलं, यावर सगळं. बाहेर दोघांचे चेहरे असे, जणू पावसापाण्याच्या गोष्टी चालल्यात. ती बोटांची भाषा मी शिकलो. लग्न झाल्यावर गंमत म्हणून बायकोलाही शिकवली. घर दोन खोल्यांचं, आई-बाबा समोर बसलेले, नवराबायकोनं मोकळं बोलायची सोय नाही. ती ताट ठेवताना माझ्या तळहातावर बोटं दाबून जायची. बाजारात त्या बोटांचा अर्थ हजार-पाचशे असायचा. आमच्यात काय असायचा ते इथं लिहीत नाही.

बारदान्यात आलो आणि सगळं उलटं झालं. इथं पार्टी अकोल्याची, इंदूरची, कधी थेट कोलकात्याची. हात कोणाचा धरणार? सगळा सौदा आवाजावर. मग मी कान तयार केला. समोरचा भाव सांगतो आणि शेवटच्या शब्दानंतर श्वास घेतो, तेव्हा समजायचं, अजून खाली येईल. श्वास न घेता गप्प बसला, तर तो तिथंच थांबणार. ‘बघा बुवा’ म्हणताना ‘बघा’वर जोर आला तर माल पडून आहे. हे कोणी शिकवलं नाही. माझं सगळं भांडवल या कानात होतं, आणि मी घरात कितीदा तरी सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी कान जाईल त्या दिवशी दुकानाला कुलूप. अर्धवट ऐकून मी सौदा करणार नाही आणि लोकांना हसू देणार नाही.

बायकोनं हे वाक्य लक्षात ठेवलं. माझ्या बाकीच्या कोणत्याच वाक्याची तिनं एवढी कदर केली नाही.

कॉम्प्युटर मुलीनं घेऊन दिला. ती शिकायला पुण्याला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. म्हणाली, बाबा, मालाचे फोटो मोबाइलवर पाहता आणि डोळे बारीक करता, मोठ्या पडद्यावर पाहा. ते पटलं. एकीकडे पोत्यांचे फोटो आणि तिथंच कॉल लावून बोलणं, दोन्ही होऊ लागलं. सोबत दोन मोठे स्पीकर आणले. सगळं दुकानातल्या टेबलावर मांडलं, स्पीकर उजव्या कडेला. मी टेबलाशी बसायचो आणि बायको माझ्या उजव्या हाताला, प्लास्टिकच्या खुर्चीवर. कॉल नसला की ती त्याच कॉम्प्युटरवर कीर्तन लावायची, लोणच्याच्या कृती पाहायची, मी बातम्या पाहायचो.

इथं मला पहिल्यांदा शंका यायला हवी होती. बातम्यांचा माणूस पुटपुटायचा. कीर्तनकार तर नुसता ओठ हलवायचा. पार्टीचा कॉल आला की मात्र आवाज कसा ठणठणीत.

“याले घरी जेवायले देत नाहीत काय?” मी बातम्यांच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणायचो. “किती हळू बोलून राह्यला.”

“गरीब असन बिचारा,” बायको म्हणायची.

आणि मी मानलं. इंटरनेटवरची माणसं हळूच बोलतात असं धरून चाललो. पार्टीवाले मोठ्यानं बोलतात त्याचं कारणही माझ्याकडे तयार होतं. बाजारात आपलं वजन आहे. वजनदार माणसाशी कोणी तोंडातल्या तोंडात बोलत नाही.

मग बायकोच्या कानात कापूस दिसायला लागला. आमच्याकडे कापसाला काय तोटा. दोन्ही कानांत बोळे, वरून पदर.

“हे काय नवीन?”

“कानाले वारं लागते.”

“उन्हाळ्यात कायचं वारं?”

“कूलरचं,” ती म्हणाली. कूलर माझ्याकडे तोंड करून होता. मी तेही मानलं. घासाघीस करणारा माणूस बायकोच्या तब्येतीच्या गोष्टीत घासाघीस करत नाही, एवढी रीत मला आहे.

गेल्या हंगामात आणखी एक गोष्ट सुरू झाली. कॉल चालू असताना ती टेबलाखालून माझा हात धरायला लागली. पार्टी बोलतेय, मी ऐकतोय, आणि माझ्या तळहातावर तिची बोटं दाबताहेत. जुनी बैलबाजारातली भाषा. सरळ भाव.

“मले शिकवू नको,” मी कॉल संपल्यावर म्हणालो.

“शिकवत नाई जी. असाच ठेवला हात.”

पण ती दाबायची तो आकडा बरोबर असायचा. पार्टीच्या तोंडून जो निघाला तोच. मला वाटलं, इतकी वर्षं बाजूला बसून बाईला धंद्याचा अंदाज आला. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. एका वयानंतर नवराबायकोनं एकमेकांचा हात धरायला काही निमित्त उरत नाही. आम्हाला सोयाबीनची पोती मिळाली होती.

त्याच हंगामात माझे भाव फुटायला लागले. मी इंदूरच्या पार्टीशी सकाळी बोलावं, आणि दुपारी शेजाऱ्यानं त्याच पार्टीला माझ्यापेक्षा किंचित कमी भाव सांगावा. शेजारी म्हणजे माझ्याच धंद्यातला, भिंतीला भिंत लागून. भिंत कमरेपर्यंत विटांची, वर टिनाचे पत्रे. त्याचा आणि माझा सलोखाही जुना आणि वैरही जुनं. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी दुकानात चोर शोधायला लागलो. पोती शिवणाऱ्या बायांवर नजर ठेवली. ट्रान्सपोर्टवाला बदलला. गाडीच्या ड्रायव्हरला असं काही बोललो की तो आठवडाभर माझ्याकडे बघेना. बायको सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

अशात तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती उमरखेडला गेली. जाताना डबे कुठं आहेत ते सांगितलं, गोळ्या दाखवल्या, आणि एसटीच्या खिडकीतून म्हणाली, “कॉलवर बोलताना शटर खाली घेत जा.”

“काहून?”

“धूळ येते,” ती म्हणाली. बारदान्याच्या दुकानात धूळ येते म्हणून शटर. मी बस गेल्यावरही त्या वाक्याकडे पाहत राहिलो.

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी अकोल्याचा सौदा गेला. पुन्हा शेजारी. दुपारची वेळ, डोकं तापलेलं. मी सरळ त्याच्या दुकानात शिरलो आणि त्याच्या गादीवर बसलो.

“माझ्या दुकानातला कोण माणूस फोडला तुम्ही? नाव सांगा.”

त्यानं शांतपणे चहा सांगितला. “कोणी नाई भाऊ.”

“मग माझा भाव तुमाले कसा कळते?”

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मीच त्याची थट्टा करतोय. “भाऊ, तुम्हीच तर ऐकवता.”

“मी?”

“आधी मले वाटलं, हा माणूस मुद्दाम मोठ्यानं लावून राह्यला. खोटे भाव ऐकवते आणि मले खड्ड्यात घालते. तुमच्यासारख्या माणसाचा काय भरवसा. पहिला पूर्ण हंगाम मी तुमच्या एका भावाले हात नाई लावला.”

“मग?”

“मग एकएक भाव खरा निघाला. आता मी काय करू, कान कापून ठेवू?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात पत्र्यापलीकडे रिंग वाजली. माझ्याच कॉम्प्युटरवर. टिनाचा पत्रा थरथरला. त्याच्या चहाच्या कपातला चहा हलला. मी माझ्या खुर्चीवर बसून ऐकतो तशीच ती रिंग मला तिथं, भिंतीच्या अलीकडे, ऐकू आली.

“घ्या,” शेजारी म्हणाला, “पोरीचा फोन आहे. दुपारी तिचाच येते. तिच्या घरमालकानं नळ दुरुस्त केला का, विचारा. बिचारी लय दिवसाची सांगून राह्यली.”

नळाचं मलासुद्धा माहीत नव्हतं.

मी आलो, शटर खाली ओढलं आणि कॉल घेतला. पडद्यावर मुलगी डबा उघडून बसलेली. मी एकच विचारलं, “या कॉम्प्युटरच्या आवाजाचं काय करून ठेवलं तुम्ही?”

ती जेवायची थांबली. मग म्हणाली, “आईनं सांगितलं का?”

सौद्यात समोरच्यानं उलट प्रश्न विचारला की समजायचं, माल त्याच्याकडेच आहे. “तू सांग,” मी म्हणालो.

“बाबा, खाली कोपऱ्यात, घड्याळाजवळ, स्पीकरचं चित्र आहे ना? त्यावर माउसचं उजवं बटन दाबा. व्हॉल्यूम मिक्सर दिसेल, ते उघडा.”

मी उघडलं. मला वाटायचं कॉम्प्युटरला आवाज एकच असतो, रेडिओसारखा, कमी करा नाहीतर जास्त. तिथं उभ्या पट्ट्यांची रांग होती. प्रत्येक कामाची आपली वेगळी पट्टी. डावीकडची सगळ्या स्पीकरची, ती वरपर्यंत. मग कॉम्प्युटर स्वतः टिंगटिंग करतो त्याची, ती तळाला. मग बातम्या आणि कीर्तन ज्यात चालतं त्या ब्राउझरची, तीही जवळजवळ तळाला. आणि शेवटी कॉलच्या अ‍ॅपची पट्टी, पार वर टेकलेली.

“दोन वर्षांमागं दिवाळीत आले तेव्हा केलं,” मुलगी सांगत होती. “आई म्हणाली, तुमाले कॉलवरचं नीट ऐकू येत नाई, तुम्ही दोन-दोनदा विचारता. सगळाच आवाज वाढवला तर घरात बसवत नव्हतं. म्हणून मुख्य आवाज पूर्ण वर नेला, कॉल पूर्ण वर ठेवला आणि बाकी सगळं खाली ओढलं. आई म्हणाली, बाबाले कळू देऊ नको. ते लगेच कुलूप लावतील.”

“माझे कान चांगले आहेत,” मी म्हणालो.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

मी माउस धरला आणि कॉलची पट्टी खाली ओढली, ब्राउझरच्या बरोबरीला. “बोल आता,” म्हणालो.

ती बोलली. मला तिचे ओठ दिसत होते. मान थोडी तिरकी करून बोलायची तिची सवय, लहानपणापासूनची, तीही दिसत होती. मध्ये ती हसायचा प्रयत्न करत होती. आवाज नव्हता. मी पट्टी थोडी वर केली. कुठंतरी लांब कोणी बोलतंय असं वाटलं. आणखी वर केली. शब्दांचे तुकडे आले, ‘बाबा’ एवढं कळलं. मी वर नेत गेलो, आणि ती मला पूर्ण ऐकू आली तेव्हा पट्टी जिथं होती तिथंच परत टेकली होती. त्याच्या वर जागा नव्हती.

“ऐकू आलं का बाबा?” ती विचारत होती.

“आलं,” मी म्हणालो. “नळ दुरुस्त झाला का?”

कॉल संपल्यावर मी पेन शोधायला टेबलाचं दुसरं ड्रॉवर उघडलं. बायकोच्या बाजूचं ड्रॉवर मी कधी उघडत नाही. आत सुतळीची गुंडी, दाभण आणि एका जुन्या डब्यात कापसाचे बोळे. हातानं वळलेले, एकसारखे, सरकी काढून, समईच्या वातीसारखे नीट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठणठणीत आवाज मला लागायचा. तिला नाही. ती त्या स्पीकरपासून माझ्यापेक्षाही जवळ बसायची.

ती परत आली त्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. मी कधी जात नाही, म्हणून मला पाहूनच तिला समजलं.

“काय झालं जी?”

“काही नाई. पिशवी दे.”

रस्त्यानं चालताना मी विचारलं, “कानात कापूस कायले घालत होती?”

तिनं एक ट्रक जाऊ दिला.

“तुमच्या बाजूले बसाचं होतं ना,” ती म्हणाली.

“उठून आत जाता येत नव्हतं?”

“मग आकडे कोणं सांगतले असते? पट्टी वर केली तरी तुमाले शेवटी शेवटी नीट येत नव्हतं. तुम्ही तिकडून पंधरा म्हटलं की वीस ऐकत होते.” मग हसली. “आणि मले म्हणत होते, शिकवू नको.”

मला राग आला. इतका राग आला की मी भररस्त्यात थांबलो. माझ्या वतीनं, मला न विचारता, दोन बायांनी माझ्या कानाचा सौदा केला होता, आणि त्यात जे द्यायचं होतं ते तिनं स्वतःकडचं दिलं होतं. सौद्याची एक रीत असते. बोजा ज्याच्यासाठी उचलला जातो त्याला तो सांगायचा असतो. मी तिला हे सगळं सांगणार होतो. पण ती पुढं चालत होती, आणि तिनं मागं वळून न पाहता हात मागं केला, पिशवी घ्यायला. मी पिशवी दिली नाही. हात धरला.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. मी तिला दाखवायला नेलं होतं. तिथं काउंटरवर तिनं माझं नाव लिहून दिलं. मी भांडलो, मग तिचंही लिहायला लावलं. माझ्या दोन्ही कानांना मशीन सांगितलं. डावा बराच गेलाय, उजव्यात थोडं आहे. मशीनवाल्याशी मी घासाघीस करायला बसलो, सवयच ती. तो काय भाव बोलला ते मला नीट आलं नाही. टेबलाखालून तळहातावर बोटं दाबली गेली. मी मशीनवाल्याच्या डोळ्यांत पाहत म्हणालो, “हे जास्त होते.” तो कमी झाला.

तिला तपासून डॉक्टर म्हणाले, बाईंच्या डाव्या कानातही फरक पडलाय. थोडा. मोठ्या आवाजाजवळ काम करता का? ती म्हणाली, नाई, घरीच असते.

डावा कान. माझ्या उजव्या हाताला बसल्यावर तिचा डावा कान स्पीकरकडे येतो.

आता कॉलची पट्टी अर्ध्यावर आहे. मशीन लावलं की तेवढ्यात भागतं. ब्राउझरची मी अर्ध्यावर आणली, आणि बातम्यांचा माणूस चांगला धडधाकट निघाला. ड्रॉवरमधला डबा मी टाकला नाही. शेजाऱ्याचा हिशेब वेगळा आहे, तो मी हंगामात बघून घेईन. एखाद्या दिवशी पट्टी मुद्दाम वर करून.

पण एक गोष्ट बाकी आहे, आणि ती मुलीसाठी लिहितो. तू शिकलेली आहेस. कोणत्या अ‍ॅपचा आवाज किती, हे तुला वेगवेगळं मोजता येतं. बापाला किती लागतो ते तू बरोबर मोजलंस. त्याच खोलीत, त्याच स्पीकरला टेकून तुझी आई बसणार होती, तिला किती लागेल ते का मोजलं नाहीस? ती नको म्हणाली असेल. मला माहीत आहे, ती नकोच म्हणते. तू का ऐकलंस? आणि मला का विचारलं नाहीस? मी कुलूप लावलं असतं तर लावलं असतं. तिच्या कानापेक्षा दुकान मोठं होतं असं तुला कोणी सांगितलं?

याचं उत्तर मला पाहिजे. कॉलवर देऊ नको, तिथं तू मान तिरकी करून हसतेस आणि माझा राग जातो. घरी ये. आईला मध्ये घेऊ नको, ती तुझ्या वतीनं बोलेल. समोर बस आणि सांग. माझ्या उजव्या बाजूला बस, म्हणजे मशीन न लावताही मला थोडं येईल.